किल्ला दिसत न्हाई

आमच्या आप्पांच्या हातात सगळ्या खोऱ्याची वेळ आहे, असं आई म्हणायची, आणि त्यात कौतुकापेक्षा टोमणाच जास्त असायचा. कारण ज्या माणसाच्या ठोक्यावर शाळा भरायची, सुटायची आणि खाचरात लावणी करणाऱ्या बाया कंबर सरळ करायच्या, तो स्वतःच्या घरी जेवायला कधी वेळेवर आला नाही. आप्पा खालच्या गावातल्या हायस्कुलात शिपाई होते. आमची वाडी राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या वाटेवर, जरा उंचावर. शाळा तिथून अर्ध्या तासाच्या उतारावर. शाळेच्या व्हरांड्यात रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा साखळीला टांगलेला होता आणि तो लोखंडी कांबीनं वाजवायचा हा आप्पांचा मान. दुसरे एक शिपाई होते, ते कायम नोकरीतले. ते टपाल, बँक, तालुक्याची कामं बघत. आप्पा मानधनावर. झाडणं, पाणी भरणं, वर्ग उघडणं आणि घंटा. पंधरा वर्षं झाली तरी ‘पुढच्या वर्षी कायम करू’ हे संस्थेचं बोलणं संपलं नव्हतं आणि आप्पांचा त्यावरचा विश्वासही संपला नव्हता. पहिला ठोका ते हलका मारत, लोखंडाला जागं करावं तसा, आणि मग दुसरा असा की आमच्या अंगणात म्हैस कान हलवायची.

त्या दिवसांतलं घर आठवलं की आधी नाकात धूर येतो. दोन खणांचं घर, वर पत्रा, एका अंगाला म्हैस आणि दोन शेरडं. पावसाळ्याचे चार महिने काहीच वाळायचं नाही. कपडे चुलीवरच्या दोरीला टांगलेले, त्यामुळे माझ्या कॉलेजच्या ड्रेसलाही धुराचा वास. भोरला वर्गात शेजारच्या मुली जरा सरकून बसतात हे मला कितीतरी दिवस कळलंच नव्हतं. आई नाचणीच्या भाकरी थापायची. ओढ्यात खेकडे मिळाले तर ते ठेचून रस्सा, नाहीतर कुळथाचं पिठलं आणि कुर्डूची भाजी. पत्र्यावर पाऊस असा वाजायचा की एकमेकांशी ओरडून बोलावं लागे. तो थांबला की धुकं वर चढत यायचं आणि मग इतकं शांत व्हायचं की गोठ्यातलं म्हशीचं रवंथ ऐकू यायचं. आप्पा जेवताना रेडिओ मांडीशी घेऊन बसत. बातम्यांच्या आधी जे टिक टिक वाजतं त्यातल्या शेवटच्या ठोक्याला ते मनगटावरचं घड्याळ मिळवून घेत. ते घड्याळ रोज थोडं पुढं जायचं, पण ही गोष्ट घराबाहेर कुणाला माहीत नव्हती.

मी भोरला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होते. सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचं, नसरापूरला गाडी बदलायची, आठवडाभर एका म्हाताऱ्या बाईंच्या खोलीत आणखी दोघींबरोबर राहायचं आणि शनिवारी दुपारी परत. शेवटच्या वर्षाआधीच्या सुट्टीत एक दिवस आप्पा शाळेतून जरा घाईनंच वर आले. अंगणात चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, “रंजे, हेडसर इचारत व्हते. पुन्याच्या शाळंत म्हनं आपोआप घंटा वाजती. मास्तरबी नको, शिपाईबी नको. तुला जमंल का तसलं?”

“जमंल की. मला नायतरी प्रोजेक्ट करायचाच हाय.”

“मंग कर. आपल्या शाळंत तुज्या हातचं काय तरी ऱ्हाईल.”

आई चुलीपाशी होती. ती मागं न बघता म्हणाली, “आन मंग ह्यांनी काय करायचं?”

“म्या? म्या खुर्चीवर बसून ऐकायची घंटा,” आप्पा म्हणाले आणि आम्ही तिघंही हसलो. ते हसणं मला अजून नकोसं होतं.

पुण्याला तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून मी सामान आणलं. सगळ्या मशीनचा मेंदू म्हणजे एक मायक्रोकंट्रोलर, आणि त्याला वेळ सांगायला आठ पायांची एक वेगळी चिप. या चिपला वीज इतकी थोडी लागते की बटणाएवढ्या एका सेलवर ती कित्येक वर्षं चालते. आमच्याकडं लाईट रोज जायची, म्हणून मला तीच हवी होती. लाईट गेली तरी वेळ जायला नको. तिच्या शेजारी तांदळाच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी चंदेरी नळी, म्हणजे क्रिस्टल. तो सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरतो आणि चिप ते थरथरणं मोजून सेकंद करते. हे मी आप्पांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी ती नळी तळहातावर घेतली, कानाशी नेली आणि म्हणाले, “ऐकू येत न्हाई.” सगळी जोडणी मी घरीच केली, ओट्यावर बसून, गावातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून उसनी आणलेली डाग द्यायची कावी घेऊन. डाग नीट बसावा म्हणून त्यानंच दिलेली पेस्ट भरपूर लावली. शाळा उघडली त्या आठवड्यात हेडसरांच्या खोलीतल्या भिंतीवर पेटी लागली. हेडसरांनी नारळ फोडला, व्हरांड्यात विजेची घंटा कर्रर्र करून वाजली, मुलांनी टाळ्या पिटल्या. रुळाचा तुकडा होता तिथंच राहू दिला होता. आप्पा त्याच्याखाली हात मागं बांधून उभे होते आणि त्यांचा चेहरा माझ्या लग्नात होता त्याहून फुललेला होता.

दहा-बारा दिवस सगळं ठीक चाललं. मग एका शनिवारी आप्पा एसटीच्या थांब्यावरच भेटले. “मागं पडतंय,” ते हळूच म्हणाले, घरातलं आजारपण सांगावं तसं. “काल सात मिनटं. आज तर एकवीस.” मला आधी वाटलं, सेलचा दोष. सेल बदलला. मग वाटलं, सेल धरणारी पट्टी सैल असेल. ती वाकवून घट्ट केली. मग वाटलं क्रिस्टलच हळू चालतो. पण हळू चालणारं घड्याळ रोज सारखंच मागं पडतं. हे तसं नव्हतं. दोन दिवस अगदी बरोबर, तिसऱ्या दिवशी अकरा मिनिटं मागं, चौथ्या दिवशी चाळीस. म्हणजे घड्याळ हळू नव्हतं. मध्येच थांबत होतं आणि आपलं आपण पुन्हा सुरू होत होतं. आता माझ्या हाताखाली शिकलेले दहा-बाराजण काम करतात. त्यांना मी सांगते की कायमचं बंद पडलेलं यंत्र बरं, अधूनमधून बंद पडणारं नको. तेव्हा मला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

पेटीतलं सर्किटचं कार्ड काढून मी भोरला नेलं. आठवडाभर लॅबच्या टेबलावर ठेवलं, एक सेकंदही इकडंतिकडं झालं नाही. आमच्या पोळ मॅडम चष्मा वर करून म्हणाल्या, “इथे तर उत्तम चालतंय. शाळेत काय वेगळं आहे ते शोध. आणि नोंदी ठेव. नोंदींशिवाय दोष सापडत नसतो.” पण नोंदी मी भोरला बसून कशा ठेवणार? म्हणून मी कार्ड परत बसवलं आणि आप्पांना एक वही आखून दिली. तारीख, रेडिओची वेळ, मशीनची वेळ, फरक, रात्री लाईट गेली होती का. नोंद झाली की बटण दाबून मशीन पुन्हा रेडिओच्या वेळेवर आणायचं. आप्पा सातवी शिकलेले. त्यांनी वही दोन्ही हातांनी घेतली. सकाळी सातच्या बातम्यांआधीची टिकटिक धरायची तर रेडिओ मशीनसमोर हवा. त्यामुळे आप्पा रोजच्यापेक्षा दीड-दोन तास आधी, रेडिओ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन उतारानं खाली जाऊ लागले. आई म्हणायची, “मशीन आल्यापासनं ह्यांचं काम वाढलंय.” ती खरंच तसं म्हणायची.

तीन आठवड्यांच्या नोंदी झाल्यावर मी वही भोरला नेली. लाईटचा आणि फरकाचा काही मेळ लागेना. पण आप्पांनी माझ्या रकान्यांच्या पुढं, समासात, स्वतःच्या मनानं एक गोष्ट रोज लिहिलेली होती. ‘किल्ला दिसतो.’ ‘किल्ला दिसत न्हाई.’ ‘किल्ला निम्मा.’ शाळेच्या फळ्यावर हवामान लिहायची त्यांची जुनी सवय होती, तीच वहीत उतरली होती. मी ते आधी वाचलंही नव्हतं. त्या दिवशी खोलीतल्या मैत्रिणी बाहेर गेल्या होत्या, मी एकटीच पेन्सिल घेऊन बसले आणि समासातली ओळ फरकाच्या आकड्याशी जुळवत गेले. किल्ला दिसतो, फरक शून्य. किल्ला निम्मा, चार मिनिटं. किल्ला दिसत न्हाई, सव्वीस. किल्ला दिसत न्हाई, चाळीस. एकही ओळ याच्या विरुद्ध नव्हती.

पुढच्या शनिवारी कार्ड पुन्हा आणलं आणि सोमवारी लॅबमध्ये चहाच्या उकळत्या पातेल्यावर धरलं. सेकंदाचा आकडा पळत होता, पळत होता आणि थांबला. कार्ड पंख्याखाली नेलं. दोन-तीन मिनिटांत आकडा पुन्हा चालू लागला, जिथं थांबला होता तिथूनच. पोळ मॅडमनी भिंगातून बघितलं. क्रिस्टलच्या दोन पायांमध्ये माझ्या त्या पेस्टचा पिवळट थर तसाच राहिला होता. “ही चिप इतक्या कमी विजेवर चालते,” त्या म्हणाल्या, “की धुक्यानं ओला झालेला एवढा मळसुद्धा तिला बंद पाडायला पुरतो. जी थोडी वीज आहे तीच गळून जाते. स्पिरिट आणि ब्रशनं धू, नीट वाळव, आणि वर नेलपॉलिशचे दोन हात दे. बास.” म्हणजे दोष चिपचा नव्हता, सेलचा नव्हता, आमच्या हवेचाही नव्हता. मी काम मळकट केलं होतं, इतकंच. मला लाज वाटली, पण आनंद लाजेहून मोठा होता. खोलीतल्या मैत्रिणीकडून लाल नेलपॉलिशची बाटली मागून घेतली. कार्ड मुद्दाम धुतलं नाही. आप्पांच्या समोर धुवायचं, त्यांना तो थर भिंगातून दाखवायचा आणि म्हणायचं, तुमच्या किल्ल्यानं दोष पकडला.

त्या शनिवारी मी थांब्यावरून थेट शाळेत गेले. आप्पा मागच्या बाजूला पाण्याची टाकी धूत होते. हेडसर एकटेच खोलीत होते. ते काही वाईट माणूस नव्हते. माझ्या प्रवेशाच्या वेळी दाखल्यांसाठी त्यांनी स्वतः दोन खेपा घातल्या होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पेटीकडं बघत म्हणाले, “काय ग, लागला का पत्ता? संस्थेकडून सारखी विचारणा होतेय.”

“संस्थेला कशाला पाहिजे, सर?”

टेबलावरचा पेपरवेट त्यांनी उगाच फिरवला. “तुला म्हणून सांगतो. आप्पांजवळ आत्ताच बोलू नकोस. संस्थेनं सगळ्या शाळांना कळवलंय, शिपाई एकच ठेवा. मी आजवर सांगत आलो की घंटेसाठी माणूस लागतो. आता मशीन झालं म्हटल्यावर मला तसं लिहिता येत नाही. घड्याळ बरोबर चालतं असं मी कळवलं की दिवाळीपर्यंत निर्णय होईल.” मग माझ्याकडं न बघता ते म्हणाले, “मी मशीन मागवलं तेव्हा हे डोक्यात नव्हतं. देवाशपथ नव्हतं.”

माझ्या पिशवीत नेलपॉलिशची बाटली होती, स्पिरिटची बाटली होती, जुना दात घासायचा ब्रश होता. मी म्हणाले, “सर, अजून दोष सापडला नाही.” आणि तेच मळकं कार्ड पेटीत बसवून आले.

नंतरचे तीन आठवडे मी कसे काढले ते मला सांगता येत नाही. शनिवारी आप्पा वही पुढं करायचे आणि मी ती वाचल्यासारखं करायची. ‘किल्ला दिसत न्हाई, एकोणीस.’ ‘किल्ला दिसत न्हाई, तेहतीस.’ अक्षर कुठं कुठं ओल्या बोटांनी फिसकटलेलं असायचं. त्यांना खोकला झाला होता. आई आल्याचा काढा करून द्यायची आणि म्हणायची, “जरा उशिरानं गेलं तर मशीन काय पळून जातंय व्हय?” त्यावर आप्पा म्हणत, “पोरीचं काम हाय. नोंद चुकली तर तिला दोष कसा गावायचा?” मी ताटातली भाकरी मोडत बसायची. एकदा वाटलं, आईला तरी सांगावं. पण आई ऐकताक्षणी बोलून मोकळी होणारी, तिच्या पोटात काही राहत नसे. आणि खरं सांगायचं तर मला वाटत होतं की मी काहीतरी मोठं करते आहे, माझ्या बापाला वाचवते आहे. तो रोज पावसात भिजून खोट्यासाठी खाली जातो आहे, हे मला दिसत होतं, पण मी ते बघत नव्हते.

चौथ्या शनिवारी आप्पा थांब्यावर उभे होते. पाऊस भुरभुरत होता. त्यांनी छत्री माझ्या डोक्यावर धरली, स्वतः भिजत राहिले आणि वही न देता नुसतेच हसत होते. ओढ्यावरच्या साकवापर्यंत आम्ही आलो तेव्हा त्यांना राहवेना.

“रंजे, गावला ग!”

“काय गावलं?”

“दोष! आगं, म्या वही मागनं पुढं वाचली. धुकं असलं की त्ये थांबतंय. मंग म्हनलं, त्येला गारठा बाधत असंल. पेटीत झिरोचा बल्ब लावून ठिवला, दिसरात. पाच दिस झालं. किल्ला पार गडप हाय, पर एक मिनिट मागं न्हाई!” त्यांनी साकवाच्या कठड्यावर थाप मारली. “आज हेडसरास्नी सांगनार व्हतो, पर त्ये तालुक्याला गेल्यात. म्हनलं, आदी तुला सांगावं.”

माझ्या तोंडून शब्द सुटले ते असे, “काढा तो बल्ब.”

“आं?”

“आप्पा, बल्ब काढा. हेडसरांना काय बी सांगू नका.”

खालून ओढ्याचं लाल पाणी जात होतं. ते फार सावकाश म्हणाले, “तुला ठावं हाय.”

मग मी सगळं सांगितलं. चहाचं पातेलं, भिंग, पेस्टचा थर, हेडसरांचं बोलणं, संस्था, दिवाळी. सांगताना मला वाटत होतं की आता ते मला जवळ घेतील. त्यांनी मधेच एकदा विचारलं, “कंदी सापडला?” मी म्हणाले, “महिना होत आला.” त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. नोकरी जाणार, यावर ते एक शब्द बोलले नाहीत. ते म्हणाले, “म्हंजी म्या रोज सकाळच्या पारी जाऊन उगाच लिवत व्हतो.”

“आप्पा, तुमची नोकरी...”

“नोकरी माजी हाय. ती जायाची तर मला इचारून जाईल न्हाईतर न इचारता जाईल. पर तू मला सांगायचं व्हतं.” त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “तू मला येडं केलंस, रंजे. हेडसरांनी केलं असतं तर येक येळ चाललं असतं. त्येंच्या लेखी म्या शिपाई.”

घरी येईपर्यंत ते माझ्या चार पावलं पुढं चालत होते. छत्री माझ्याच हातात दिली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी त्यांनी मला हाक मारली नाही, नुसते चपला घालून अंगणात उभे राहिले. मी पिशवी घेतली. शाळेच्या किल्ल्या त्यांच्याकडंच असायच्या. त्यांनी हेडसरांची खोली उघडली, बल्ब काढला, पेटी खाली घेतली. मी कार्ड स्पिरिटनं धुतलं, ब्रशनं घासलं. पिवळं पाणी कागदावर ओघळलं. त्यांनी विजेरी धरली होती आणि ती जराही हलली नाही. मी भिंग पुढं केलं, म्हणाले, “बघा, ह्या दोन पायांच्या मधी व्हतं.” त्यांनी वाकून बघितलं, मान हलवली. मग लाल नेलपॉलिशचे दोन हात दिले. ते वाळेपर्यंत आम्ही दोघं बाकावर बसून राहिलो, मध्ये पेटी. वाळल्यावर त्यांनी रेडिओ लावून वेळ मिळवायला सांगितली. पेटी भिंतीवर टांगताना एवढंच म्हणाले, “आता चुकायचं न्हाई?”

“न्हाई चुकायचं.”

“बरं.”

आणि ते खरंच कधी चुकलं नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी हेडसरांनी आप्पांना शाल आणि श्रीफळ दिलं. आप्पांनी ते देव्हाऱ्यासमोर ठेवलं. आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं तोच नारळ फोडून खोबरं वाटणात घातलं. शेती होती ती भातापुरती. वर्षाची मीठमिरची तिच्यावर निघणं शक्य नव्हतं. कुणाच्या तरी ओळखीनं आप्पांना सारोळ्याला, नीरेच्या पुलाच्या अलीकडं, हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात राखणदाराचं काम मिळालं. तिथंच मागं पत्र्याच्या खोलीत राहायचं, पंधरा दिवसांनी एकदा घरी. आई वाडीवर म्हशीसोबत एकटी. मी शनिवारी यायची तेव्हा थांब्यावर कुणी नसायचं.

साकवावरच्या त्या दिवसानंतर आप्पा माझ्याशी वाईट वागले नाहीत. आलं की विचारायचे, जेवलीस का, अभ्यास कसा हाय. पण माझ्या कामाबद्दल त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. आधी ते प्रत्येक तारेचं नाव विचारत असत. मी आज त्यांच्या तेव्हाच्या वयाची आहे. माझ्या मुलानं माझ्या भल्यासाठी माझ्याशी खोटं बोलावं, असं मनात आणून बघते, तेव्हा आप्पांचा राग मला थोडाफार कळतो. पूर्ण कळला असं म्हणवत नाही.

उन्हाळ्यात तोंडी परीक्षा झाली. पुण्याहून बाहेरचे परीक्षक आले होते, जाड चष्म्याचे, वयस्कर. मशीन शाळेत चालू होतं, म्हणून मी तसलंच दुसरं कार्ड करून नेलं होतं. त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं, लाल नेलपॉलिशवर बोट ठेवलं आणि हसले. “हे कशासाठी?” मी सांगितलं. “छान. पण दमटपणाचा संबंध आहे हे कसं लक्षात आलं? हे सहजासहजी सापडत नाही. अनुभवी माणसं फसतात.” पोळ मॅडम शेजारीच बसल्या होत्या. मला काय सांगायला हवं होतं ते मला माहीत होतं. पण शिपाई, समास, किल्ला दिसतो, दिसत न्हाई, हे सगळं त्या खोलीत मला एकदम गावंढळ वाटलं. सरकून बसणाऱ्या मुली दाराबाहेर उभ्या होत्या. मी म्हणाले, “सर, मी रोजच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्यावरून.” त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं. मला पहिला वर्ग मिळाला, त्या विषयात कॉलेजात सगळ्यात जास्त गुण.

निकाल घेऊन मी घरी न जाता सारोळ्याला गेले. भर दुपार होती. आप्पा हॉटेलच्या दारात निळा गणवेश आणि टोपी घालून उभे होते, गळ्यात शिट्टी. गणवेश त्यांच्या मापाचा नव्हता, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. मला बघून त्यांनी आधी टोपी काढली आणि मग पुन्हा घातली. मी पाया पडले, पहिला वर्ग मिळाला म्हणून सांगितलं. ते म्हणाले, “बेस झालं,” आणि मला सावलीत खुर्ची दिली. स्वतः उभेच. एक गाडी आली, ते शिट्टी वाजवत पळत गेले, तिला जागा दाखवली, गाडीतल्या माणसाला सलाम केला आणि परत आले. थोडा दम लागला होता. खोकला अजून गेलेला नव्हता.

आणि मग, किती महिन्यांनी, त्यांनी माझ्या कामाबद्दल विचारलं. “सायबांनी घड्याळाचं इचारलं का? दोष कसा गावला म्हनून?”

“व्हय, इचारलं.”

“मंग? काय सांगितलंस?”

ते माझ्याकडं बघत नव्हते, रस्त्याकडं बघत होते, पण शिट्टी त्यांनी मुठीत घट्ट धरली होती. मी म्हणाले, “तुमचं नाव सांगितलं. म्हनलं, माझ्या वडलांनी वहीत किल्ला लिवला, म्हनून सापडला.”

त्यांनी मुठीतली शिट्टी सोडली. मग त्यांनी गल्ल्यावरच्या माणसाला मोठ्यानं हाक मारली. “ओ शेठ! हिकडं या जरा. ही माजी लेक. पुन्याच्या सायबाफुडं हिनं माजं नाव घेतलं, परीक्षेत!” शेठ आले, मला चहा सांगितला. आप्पांनी त्यांना सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली, धुकं, बल्ब, सगळं. फक्त साकवावरचं वगळून. सांगताना त्यांनी दोनदा माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

त्यानंतर ते बरीच वर्षं जगले. ही हकीकत त्यांनी जावयाला सांगितली, नातवंडांना सांगितली, शेवटच्या आजारपणात दवाखान्यातल्या नर्सबाईंनाही सांगितली. दर वेळी ते शेवटी माझ्याकडं बघून विचारत, “व्हय का न्हाई ग?” आणि दर वेळी मी म्हणाले, “व्हय, आप्पा.”